"कोन्ही दिधेल गोयी खावानी नही": गोळ्या-चॉकलेटांबद्दल लहानपणी काय काय ऐकलंत?

पांझराकाठची (धागा सुरू केला)

परवा भाचीच्या मुलाने च्युइंग गम गिळलं. सहा वर्षांचा आहे. रडत माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशीआजी, आता हे सात वर्षं पोटातच राहणार."

त्याला जवळ घेतलं, पाणी पाजलं, काही होत नाही म्हणून समजावलं. पण त्याचं ते वाक्य डोक्यातून जाईना. हेच वाक्य, सात वर्षांसकट, मी धुळ्यात पाचव्या गल्लीत ऐकलं होतं, त्यालाही आता पंचेचाळीस वर्षं होतील. हा मुलगा पुण्यात वाढतोय, इंग्रजी शाळेत जातो, धुळं त्याने एकदाच पाहिलंय, तेही एकवीरा देवीच्या दर्शनापुरतं. मग हे त्याच्यापर्यंत पोचवलं कोणी? कुठल्या पुस्तकात नाही, कुठली आई मुद्दाम शिकवत नाही. पोरांनीच पोरांना सांगत आणलं असणार.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक किराणा दुकान होतं. फळीवर काचेच्या बरण्या, त्यात लेमनच्या गोळ्या, पेपरमिंट, बडीशेपेच्या रंगीत गोळ्या, लिमलेट, रावळगाव. पाच पैशांत जे मिळेल ते. आणि प्रत्येक बरणीची एक गोष्ट होती. लाल गोळी किड्याच्या रक्ताने रंगवतात. पांढऱ्या पेपरमिंटमध्ये खडूची भुकटी असते. सिगारेटसारखी दिसणारी गोड कांडी चोखली की मोठेपणी खरी सिगारेट सुटत नाही. म्हातारीच्या केसांत खरोखरच एका म्हातारीचे केस असतात, ती नदीपलीकडे राहते. चिंचेच्या गोळीतला चिंचोका गिळला की पोटात झाड उगवतं.

या गोष्टी सांगणारा मुलगा नेहमी आपल्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठा असायचा. वेळ संध्याकाळची, लाइट गेलेले, आम्ही सगळे ओट्यावर. आणि ज्या पोराला ते "झालं" होतं ते पोर नेहमी धुळ्यातल्याच देवपूर भागातलं असायचं. पुढे कॉलेजात देवपुरातली मैत्रीण भेटली. तिने सांगितलं की त्यांच्याकडे तेच पोर आमच्या पाचव्या गल्लीतलं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ते पोर नव्हतंच.

आजीचं वाक्य मात्र एकच, आणि ते रोजचं. दप्तर खांद्याला लावलं की ती दारातून ओरडायची, "कोन्ही दिधेल गोयी खावानी नही बरं!" कोणी दिलेली गोळी खायची नाही. तेव्हा ते नुसतं कानावरून जायचं. आता वाटतं, बाकीच्या सगळ्या गोष्टी गोळीबद्दल होत्या, आजीची एकटीची गोष्ट माणसाबद्दल होती. दोन्हींत फरक आहे, आणि मला त्याबद्दलच बोलायचंय.

एका माणसाबद्दल मला स्वतःला लिहायचं आहे, पण आज धीर होत नाही. आधी तुमच्याकडचं सांगा. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, शहादा, नवापूर, सगळीकडचं येऊ द्या. कोणत्या गोष्टी खोट्या निघाल्या, कोणत्या खऱ्या, तेही.


केळीचं पान

छान विषय काढलात ताई. मी यावल-रावेर पट्ट्यातला. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं नोकरी केली, आता निवृत्त आहे. म्हणून माझी गोष्ट गोळीच्याही मागची, साखरेचीच.

आमच्याकडे पोरंच काय, मोठी माणसंही सांगायची की साखर पांढरी करायला हाडांची भुकटी घालतात. एकादशीला साखर न खाणारे आजोबा मी पाहिले आहेत, ते गूळच घ्यायचे. कारखान्याच्या आवारात पांढऱ्या भुकटीच्या गोण्यांची थप्पी असायची. ऊस घेऊन आलेले गाडीवान ती बघायचे आणि गावात जाऊन सांगायचे, "हाडं पाहून आलो."

त्या गोण्यांत चुना असायचा. उसाचा रस तापवून त्यात चुन्याचं पाणी घालतात आणि गंधक जाळून त्याचा वायू सोडतात. मळ खाली बसतो, रस निवळतो. आपल्याकडचे बहुतेक कारखाने अशीच साखर करतात, त्यात हाडाचा संबंध येत नाही. नोकरीला लागलो त्या वर्षी मी हे घरी समजावून सांगितलं, तर आजोबा म्हणाले, "तू पगार त्यांचा खातो." तिथे माझं बोलणं संपलं.

पण मला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. परदेशातल्या काही साखर शुद्धीकरण कारखान्यांत रंग काढायला हाडांचा कोळसा वापरत आले आहेत. म्हणजे अफवेला मूळ होतं, फक्त ते हजारो मैल लांबचं होतं. आमच्या आजोबांपर्यंत ते कसं आलं, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

होळीला आपल्याकडे साखरेचे हार-कडे असतात. लाकडी साच्यात दोरा ठेवून वरून पाक ओततात. तो दोरा गिळला तर आतड्याला गाठ बसते, असं आई सांगायची. मी अजून नातवंडांना दोरा काढूनच देतो.


अखाजीचा झोका

मी अमळनेरची, वयाने तुमच्या सगळ्यांपेक्षा लहान, त्यामुळे आमच्या वेळी तोंडात तडतडणारी भुकटी आली होती. छोटी पुडी, जिभेवर टाकली की फटाके. आमच्या वर्गात पक्कं ठरलं होतं की ती खाऊन वर थंड पेय प्यायलं की पोट फुटतं. एक मुलगा असा मेला आहे, तो चोपड्याचा. (चोपड्यात तो अमळनेरचा असणार, हे ताईंचं वाचून आज कळलं.)

सखाराम महाराजांच्या यात्रेत माझ्या भावाने दोन्ही घेतलं. मी त्याचा हात धरून तासभर रडत बसले होते. त्याला काही झालं नाही. पण तो तास मी विसरले नाही.


भुसावळ यार्ड

आम्ही रेल्वे कॉलनीतली पोरं. वडील तिकीट तपासनीस. आमच्याकडे गोष्टी बाहेरगावाहून गाडीने यायच्या. कलकत्त्याकडची गोष्ट, मुंबईकडची गोष्ट, सगळ्या भुसावळला उतरायच्या.

पण एक गोष्ट वडील स्वतः सांगायचे आणि ती अफवा नव्हती. गाडीत शेजारचा माणूस गोड बोलतो, ओळख वाढवतो, मग बिस्कीट किंवा चहा देतो. प्रवासी झोपतो तो दवाखान्यात जागा होतो, सामान गेलेलं. असे प्रवासी वडिलांनी स्वतः उतरवून घेतले होते. स्टेशनवर आजही घोषणा होते की अनोळखी व्यक्तीकडून खाण्यापिण्याच्या वस्तू घेऊ नका. ती उगाच होत नाही.

म्हणून पांझराकाठची ताईंच्या आजीचं वाक्य मला चुकीचं म्हणवत नाही. माझ्या मुलींना मी तेच सांगितलं. वडील मात्र त्यापुढे एक वाक्य जोडायचे, "नको म्हणायचं, पण हात जोडून म्हणायचं." देणारा चोर असेल तर तो आपला नाद सोडतो, भला माणूस असेल तर त्याचा अपमान होत नाही.


कळण्याची भाकर

जळगावात अन्नतंत्रज्ञान शिकवतो. वर आलेल्या गोष्टींपैकी मला जेवढ्या माहीत आहेत तेवढ्या लिहितो.

च्युइंग गम: त्याचा चिकट गाभा पचत नाही, हे खरं. पण न पचणाऱ्या इतर गोष्टींसारखा तोही दोन-चार दिवसांत बाहेर पडतो. लहान मुलाने एकामागून एक बरीच गिळली तर आतड्यात अडथळा होऊ शकतो, तशी उदाहरणं आहेत. एकाने काही होत नाही. सात वर्षांना कसलाही आधार नाही. ताई, भाचीला सांगा, निश्चिंत राहा.

किड्याचं रक्त: इथे पोरांचं म्हणणं बरंचसं बरोबर होतं. मेक्सिको, पेरूकडे निवडुंगावर एक कीटक वाढतो, तो वाळवून, कुटून त्यापासून किरमिजी रंग करतात. परदेशी गोळ्यांच्या वेष्टनावर तो १२० या क्रमांकाने लिहिलेला दिसतो. पण आपल्या बरणीतल्या स्वस्त लाल गोळीला तो महागडा रंग कोण घालणार? तिथे कृत्रिम रंगच असायचा. मात्र काही गोळ्यांवर जी चकाकी असते ती लाखेची असू शकते, क्रमांक ९०४. लाख म्हणजे आपल्या पळसावर, बोरीवर, कुसुमावर बसणाऱ्या किड्याने सोडलेला राळेसारखा थर. ज्या लाखेच्या बांगड्या आपल्या आयांनी हातात भरल्या, तीच.

म्हातारीचे केस: म्हातारी नाही, पण रंगाची भीती खरी. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुदुच्चेरी आणि पाठोपाठ तमिळनाडू सरकारने त्याच्या विक्रीवर बंदी घातली, कारण तपासणीत रोडामाइन बी सापडलं. तो कापड आणि कागद रंगवायचा रंग आहे, खाण्यात चालत नाही. यात्रेत भडक गुलाबी दिसलं तर मी मुलांना पांढरं घ्यायला सांगतो. आणखी एक आठवलं: हे यंत्र १८९७ साली अमेरिकेत ज्या दोघांनी तयार केलं त्यातला एक दातांचा डॉक्टर होता.

तडतडणारी भुकटी: अखाजी, तुमच्या चोपड्याच्या मुलाचा मला पत्ता लागला आहे. तो अमेरिकेतला. ही गोळी जनरल फूड्स कंपनीतल्या विल्यम मिचेल या रसायनतज्ज्ञाने शोधली, पेटंट १९६१ चं, बाजारात आली १९७५ च्या सुमारास. वितळलेल्या साखरेत सुमारे चाळीस वातावरणांइतक्या दाबाखाली कार्बन डायऑक्साइड कोंडतात आणि तसंच थंड करतात. तोंडात साखर विरघळली की बारीक बुडबुडे फुटतात, तोच तडतडाट. पुडीतला एकूण वायू थंड पेयाच्या एका डब्यातल्या वायूच्या मानाने फारच थोडा. पोटात गेला तर ढेकर येते. पण तिकडे पसरलं की जाहिरातीत दिसणारा एक लहान मुलगा हे दोन्ही एकत्र खाऊन मेला. तो जिवंत होता, मोठा होऊन नोकरीला लागला. कंपनीने १९७९ मध्ये पंचेचाळीस नियतकालिकांत पानभर जाहिराती दिल्या, शाळांच्या मुख्याध्यापकांना पन्नास हजार पत्रं पाठवली. तरी ती गोष्ट समुद्र ओलांडून अमळनेरच्या वर्गात पोचली.

त्याच्या दोन वर्षं आधी, १९७७ मध्ये, न्यूयॉर्ककडच्या मुलांत पसरलं होतं की बबल यम नावाच्या नव्या मऊ गममध्ये कोळ्याची अंडी आहेत. का? कारण ते इतर गमपेक्षा मऊ होतं. इतकं मऊ कसं, याला पोरांनी आपल्या परीने उत्तर शोधलं. मला या गोष्टींत पोरांचा मूर्खपणा दिसत नाही. पांढरी का, लाल का, मऊ का, चकचकीत का, हे प्रश्न बरोबरच आहेत. मोठ्यांनी उत्तर दिलं नाही, म्हणून त्यांनी केलं.


गिरणाकाठ

रावळगावचं नाव निघालं म्हणून लिहितो. आमचं गाव मालेगावजवळ. आज आम्ही नाशिक जिल्ह्यात, पण १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तोवर मालेगाव खानदेशातच होतं, आणि बोलीने अजूनही आहोत.

वालचंद हिराचंदांनी १९३३ मध्ये रावळगावला साखर कारखाना उभा केला, गोळ्या १९४२ पासून. आमच्याकडे त्या गोळीबद्दल एकही अफवा चालायची नाही. कारण गावोगावी कोणाचा तरी मामा, कोणाचा तरी मेहुणा तिथे कामाला. कोणी काही बोललं की दुसरं पोर म्हणायचं, "चाल, मन्हा मामाले इचारू." आणि खरंच विचारता यायचं. बाकी सगळ्या गोळ्या लांबून यायच्या, कुठून ते माहीत नाही, म्हणून त्यांच्या गोष्टी.

२०२४ मध्ये त्या गोळ्यांची नावं रिलायन्सने २७ कोटींना विकत घेतली. बातमी वाचली तेव्हा पान पसंदची चव तोंडात आली आणि खूप वेळ गेली नाही.


पांझराकाठची

गिरणाकाठ, किती नेमकं बोललात. ज्याला विचारता येतं त्याच्याबद्दल अफवा टिकत नाही. हे मी वहीत लिहून ठेवलं.

कळण्याची भाकर, भाचीला फोन केला. तिचा जीव भांड्यात पडला.


सातपुड्याची पायवाट

शहाद्याकडचा. आमच्याकडे गोळीची गोष्ट पुलाशी जोडलेली होती. तापीवर पुलाचं काम निघालं की आया पोरांना घरात कोंडायच्या. पुलाचा पाया धरत नाही, त्याला मूल द्यावं लागतं, म्हणून ठेकेदाराची माणसं गोळ्या वाटत गावोगाव फिरतात. सारंगखेड्याच्या यात्रेत तर हात सोडायचा नाही, एवढे घोडे बघायला मिळायचे पण डोळे आपले माणसांकडे.

माझे काका त्याच कामावर मुकादम होते. त्यांच्याकडे परप्रांतातले मजूर होते, मुलाबाळांसह आलेले. त्यांतल्या एका बाईने गावातल्या रडणाऱ्या पोराला गुळाचा खडा दिला. त्यावरून अख्खी वस्ती रात्रीतून उठवावी लागली, काकांनी स्वतः ट्रॅक्टरमध्ये बसवून त्यांना धडगावच्या रस्त्याला नेऊन सोडलं. काका हे सांगताना नेहमी म्हणायचे, "गूळ होता रे. गूळ."


भुसावळ यार्ड

हे वाचून थांबलो थोडा वेळ.


अखाजीचा झोका

माझ्या मोबाइलवर आजही येतं. स्ट्रॉबेरीच्या वासाची गुलाबी भुकटी शाळेबाहेर मुलांना देतात, तो अमली पदार्थ आहे, सगळ्या पालकांना पाठवा. मी मागच्या वर्षी तीन गटांत पाठवलं होतं. कळण्याची भाकर, हे खरं आहे का?


कळण्याची भाकर

हा निरोप अमेरिकेतून २००७ मध्ये निघाला. मुलांना गोड चवीचं मेथ (मेथॅम्फेटामाइन हा अमली पदार्थ) विकतात, अशी धास्ती तिथे पसरली होती, शाळकरी मुलांना ते वाटल्याचं पुढे आलं नाही. शहराचं आणि दवाखान्याचं नाव बदलून तो जगभर फिरतो. तुम्ही काळजीपोटी पाठवलात, पण आता पुढे पाठवू नका.

तिकडे हॅलोवीनला मुलं घरोघर गोळ्या मागत फिरतात, आणि अनोळखी लोक त्यात विष किंवा ब्लेड घालतात अशी भीती दरवर्षी उठते. जोएल बेस्ट या समाजशास्त्रज्ञाने १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने दिलेल्या गोळीने मूल दगावल्याचं एकही पक्कं उदाहरण त्यांना मिळालं नाही. १९७४ मध्ये टेक्ससमध्ये एक मुलगा सायनाइड घातलेल्या गोड भुकटीने मेला. ती त्याच्या बापाने दिली होती, विम्याच्या पैशासाठी.

गोळ्यांनी खरोखर माणसं मेली ती इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला, १८५८ साली. साखर महाग म्हणून गोळीवाले स्वस्त पांढरी भुकटी मिसळायचे. औषधवाल्याच्या दुकानात पिंप ओळखण्यात चूक झाली आणि भुकटीऐवजी आर्सेनिक गेलं. सुमारे वीस मृत्यू, दोनशे आजारी. मारायचं कोणाच्याही मनात नव्हतं. भेसळ नेहमीची होती आणि पिंपावर धड नाव नव्हतं.


साक्रीचा मास्तर

लिहू की नको, असा विचार करत हा धागा चार दिवस वाचतोय. पण धुळे जिल्ह्यात बसून या विषयावर बोलायचं आणि राईनपाड्याचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमत नाही.

मी तेव्हा पिंपळनेरकडे शिकवत होतो. २०१८ चा जून. शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि हजेरी निम्मी. घरी जाऊन विचारलं तर पालक मोबाइल पुढे करायचे. पोरं पळवणारी टोळी आली आहे. खाऊ देतात, बेशुद्ध करतात, नेतात. एका निरोपासोबत लहान मुलांच्या मृतदेहांचं छायाचित्र होतं, कुठल्या देशातलं कोण जाणे. मी वर्गात सांगितलं की हे खोटं आहे. तेवढं बोलून मला वाटलं माझं काम झालं. घरोघर फिरलो नाही.

१ जुलैला रविवार होता, राईनपाड्याचा आठवडे बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण एसटीतून उतरले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणारे लोक, आपल्या आजोबांच्या वेळेपासून आपल्याकडे येत आलेले. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलला, असं बातम्यांत आलं. तेवढं पुरलं. बाजारातल्या जमावाने त्यांना मारलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारलं. पाचही गेले.

त्या गावचे लोक राक्षस आहेत असं कोणी समजू नये. मी त्यांची पोरं शिकवली आहेत. रोजगारासाठी गुजरातेत जाणारी, पोरं म्हाताऱ्यांपाशी सोडून जाणारी माणसं. पोरं जातील ही भीती त्यांची खरी होती. पण त्या भीतीने पाच निरपराध माणसं मारली, हेही तितकंच खरं, आणि त्यापुढे भीतीचं कारण सांगून काही हलकं होत नाही.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती दिल्या आणि एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. वर त्या गोळीच्या कंपनीच्या पानभर जाहिराती वाचल्या आणि तेच आठवलं. १९७९ मध्ये एका मुलाची खोटी बातमी होती. आमच्याकडे पाच खरी प्रेतं होती.

आता मी दर जूनला पहिल्या आठवड्यात मुलांनाच विचारतो, काय काय ऐकलंय ते सांगा. सगळं फळ्यावर लिहितो. मग एकेका गोष्टीपुढे लिहायचं, कोणी पाहिलं, त्याचं नाव, त्याचं गाव. तो रकाना रिकामा राहतो आणि पोरं तो बघत बसतात. गावात कोणी गोसावी, बहुरूपी, कुडमुडे जोशी आला की त्याला शाळेत बोलावतो. तो कुठला, घरी कोण, पोरं किती, हे मुलं विचारतात. गेल्या वर्षी एकाने डमरू वाजवून दाखवला, मुलांनी त्याला डब्यातली भाकरी दिली.


केळीचं पान

मास्तर, नमस्कार करतो तुम्हाला.


सातपुड्याची पायवाट

रिकामा रकाना. मी हे आमच्या शाळेत सांगणार आहे.


पांझराकाठची

मास्तर, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आता लिहिते.

आमच्या गल्लीत घड्याळवाला यायचा. आम्ही त्याला तेच म्हणायचो. खांद्यावर बांबू, बांबूच्या टोकाला बाहुली, दोरी ओढली की ती टाळ्या वाजवायची. खाली बांबूला गुंडाळलेली गुलाबी-पांढरी चिकट मिठाई. दहा पैसे दिले की तो तिची तार ओढायचा आणि मनगटावर घड्याळ बांधून द्यायचा. पैसे कमी असतील तर अंगठी. मोर मागितला तर मोरही. घड्याळ चाटत चाटत शाळेत पोचेपर्यंत मनगट गुलाबी व्हायचं.

माझ्याकडे एकदा पैसे नव्हते. त्याने तरी घड्याळ बांधलं आणि म्हणाला, "उद्या दे." मी आठ वर्षांची होते. त्याच आठवड्यात गल्लीत उठलं की घड्याळवाला मिठाईत गुंगीचं औषध घालतो आणि पोरं नेतो. पुढच्या वेळी तो आला तेव्हा मोठी पोरं ओरडली, "पोरे धरनारा उना!" सगळ्यांनी दगड उचलले. मीही उचलला. मला ठाऊक होतं की त्याने मला काही केलं नव्हतं, मनगट धुतल्यावर मी ठणठणीत होते. तरी मी दगड मारला. तो बांबू सावरत पळाला, बाहुली खाली पडली. ती कोणी उचलली ते आठवत नाही. तो परत आला नाही.

त्याला लागलं का, मला माहीत नाही. पाच गोसाव्यांची बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा तो दिसला.


भुसावळ यार्ड

ताई, तुम्ही आठ वर्षांच्या होतात. पण तुम्हाला काय वाटत असेल ते कळतं. त्याचं नाव-गाव कोणाला माहीत होतं का?


कळण्याची भाकर

एक छोटी गोष्ट सांगतो, उपयोगी असेल तर. ती मिठाई पांढरी आणि मऊ होते ती फक्त ओढल्यामुळे. पाक गरम असताना ओढत, दुमडत, पुन्हा ओढत राहिलं की त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. औषध लागत नाही. हात भाजतात करणाऱ्याचे.


पांझराकाठची

आज आईला धुळ्याला फोन केला. एक्याऐंशी वर्षांची आहे, पण सगळं लक्षात आहे. विचारलं, घड्याळवाला आठवतो का. लगेच म्हणाली, "हो, टाळ्या वाजवणाऱ्या बाहुलीचा."

मी विचारलं, ते औषधाचं कोणी उठवलं होतं? आई थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली की त्या वर्षी गल्लीत काविळीची साथ होती. नळाला गढूळ पाणी, शेजारची दोन पोरं दवाखान्यात. बाहेरचं खाऊ नका म्हणून आम्हा पोरांना दहादा सांगितलं, आम्ही ऐकेना. तेव्हा ओट्यावर बसून आजीनेच आम्हाला सांगितलं की तो गुंगीचं औषध घालतो. आजीला एवढंच हवं होतं की आम्ही त्याच्या हातची मिठाई महिनाभर खाऊ नये. ते गल्लीभर जाईल, दगड उचलले जातील, हे तिच्या मनातही नव्हतं. कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही, हे मला आज समजलं.

भुसावळ यार्ड, नाव आईलाही माहीत नाही. शिरपूरकडचा होता, बायको माहेरी बाळंतपणाला गेली आहे असं त्याने एकदा पाणी मागताना सांगितलं होतं. उधारीवर मी एकटीच नव्हते, असंही आई म्हणाली. गल्लीतल्या सगळ्या पोरांचं तिने नंतर विचारून मांडलं होतं, त्याचे बारा आणे आपल्याकडे राहिले. आजीने ते रुमालात बांधून देवघरात ठेवले होते, तो आला तर द्यायला.